उंचीचे माप आणि समूहाची ओळख

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांत पहाटेच्या अंधारात तरुण-तरुणी रस्त्यावर धावताना दिसू लागतात. धावण्याची वेळ सरावाने सुधारते, गोळा लांब फेकता येतो, छातीही व्यायामाने थोडीफार फुगवता येते. उंचीबाबत मात्र काहीच करता येत नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना किमान १६५ सेंटिमीटर व महिलांना १५५ सेंटिमीटर उंची आवश्यक असते. एका सेंटिमीटरने कमी भरलेला उमेदवार मैदानी चाचणीआधीच बाद होतो.

सेंटिमीटर सगळ्यांसाठी सारखाच असतो, निकष मात्र सगळ्यांसाठी सारखा नसतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील कॉन्स्टेबल (जनरल ड्यूटी) पदाच्या नियमांनुसार सर्वसाधारण पुरुष उमेदवाराला १७० सेंटिमीटर उंची लागते. गढवाली, कुमाऊंनी, डोगरा, मराठा अशा काही समूहांसाठी ती १६५ आहे. अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी १६२.५, तर नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील अनुसूचित जमातींसाठी १६० सेंटिमीटर. महिलांसाठी याच क्रमाने १५७, १५५, १५० आणि १४७.५ अशी मापे ठरलेली आहेत. म्हणजे कोणत्या समूहाकडून किती उंचीची अपेक्षा ठेवायची, हे सरकारी नियमातच लिहून ठेवले आहे.

या अपेक्षेचा विचार करण्यासाठी यवतमाळइतका बोलका जिल्हा क्वचितच सापडेल. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा साडेअठरा टक्क्यांच्या आसपास आहे. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात गोंड, परधान आणि कोलाम, तर पुसद, उमरखेड, महागावकडे आंध समाज मोठ्या संख्येने राहतो. शिवाय बंजारा समाजाचे तांडे जिल्हाभर आहेत. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात त्याच समाजाला लंबाडा म्हणतात आणि तो अनुसूचित जमातींत मोडतो. त्यामुळे केंद्रीय दलांच्या भरतीत नदीच्या दक्षिणेकडील तरुणाला अनुसूचित जमातीची उंचीतील सवलत मिळते, उत्तरेकडील त्याच्या मामेभावाला त्या आधारावर ती मिळत नाही. दोघांची उंची सारखी असली तरी एक त्या निकषात बसतो आणि दुसरा बसत नाही. निकष शरीराला लावला जातो, पण ठरतो तो जातीच्या दाखल्यावरून.

मोजण्याआधीच ठरलेली उंची

समूहाची ओळख माणसाच्या दृष्टीवर कसा परिणाम करते, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी गेल्या सहा-सात दशकांत बारकाईने केला आहे. यातील सर्वांत साधा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रयोग माणसांवर नव्हे, रेघांवर बेतलेला होता. हेन्री ताजफेल आणि ए. एल. विल्क्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात लोकांना क्रमाने लांब होत जाणाऱ्या आठ रेघा दाखवून त्यांच्या लांबीचा अंदाज विचारण्यात आला. एका गटाला नुसत्या रेघा दाखवल्या. दुसऱ्या गटाला दाखवताना चार आखूड रेघांवर ‘ए’ आणि चार लांब रेघांवर ‘बी’ अशी अक्षरे लिहिली. अक्षरे पाहिलेल्या गटाला चौथ्या व पाचव्या रेघेतील अंतर प्रत्यक्षाहून बरेच मोठे वाटले. रेघा त्याच होत्या, केवळ त्यांना दोन नावे मिळाल्याने त्यांच्यात दरी पडली. समूहांमधील भेदभावाची मुळे शोधणारा ताजफेल यांचा पुढचा सिद्धांत याच निरीक्षणातून वाढत गेला.

माणसांच्या बाबतीत तर ‘ए’ आणि ‘बी’च्या जागी जात, वंश, हुद्दा आणि सत्ता येते. ऑस्ट्रेलियातील पॉल विल्सन यांनी १९६८ मध्ये एकाच पाहुण्याची ओळख वेगवेगळ्या वर्गांत विद्यार्थी, प्रयोगसहायक, व्याख्याता, प्राध्यापक अशी वेगवेगळी करून दिली आणि तो निघून गेल्यावर विद्यार्थ्यांना त्याची उंची विचारली. हुद्दा वाढत गेला तशी उंचीही वाढत गेली. विद्यार्थी म्हणून आलेल्या पाहुण्यापेक्षा प्राध्यापक म्हणून आलेला तोच पाहुणा दोन इंचांहून अधिक उंच ठरला. कॅनडात १९८८ च्या निवडणुकीआधी आणि नंतर लोकांना नेत्यांच्या उंचीचा अंदाज विचारला गेला, तेव्हा जिंकलेला नेता निकालानंतर उंच वाटू लागला आणि हरलेले नेते बुटके.

ही गंमत नेहमीच निरुपद्रवी राहत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सारख्याच उंचीच्या आणि वजनाच्या तरुणांमधील कृष्णवर्णीय तरुण लोकांना अधिक उंच, अधिक वजनदार आणि अधिक धोकादायक वाटल्याचे आढळले. अशा तरुणावर पोलिसांनी बळाचा वापर करणे अधिक समर्थनीय आहे, असाही त्यांचा कल दिसला. ज्या समूहाची भीती वाटते तो थोराड दिसतो आणि ज्याला कमी लेखायचे तो लहान दिसतो.

मराठी भाषेत तर आकार आणि प्रतिष्ठा यांची सांगड इतकी घट्ट आहे की ती लक्षातही येत नाही. ‘लहानथोर’, ‘मोठ्या घरचा’, ‘वरची जात’, ‘उच्चवर्णीय’ हे सारे शब्द मुळात आकाराचे किंवा उंचीचे आहेत. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ या म्हणीतला ‘पण’देखील हेच सांगतो. मूर्ती लहान असेल तर कीर्तीही लहानच असणार, हे आधी गृहीत धरले आहे म्हणून तो ‘पण’ घालावा लागतो.

जनगणना, नाक आणि कवटी

भारतात समूहांची शरीरे पद्धतशीरपणे मोजण्याचे काम ब्रिटिश अमलात सुरू झाले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा मानवमितीवर मोठा विश्वास होता. कवटीचा आकार, नाकाची रुंदी आणि उंची यांवरून त्यांनी भारतीयांचे वंश ठरवले. नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन होते. महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी यांना त्यांनी एकत्रच ‘सिथो-द्राविडी’ या कप्प्यात टाकले.

वऱ्हाड प्रांत १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे १९१६ मध्ये आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा यवतमाळकडील समूहही त्यात आले. या काळातील अशा ग्रंथांची रीत ठरलेली असे. समूहाचे नाव, उत्पत्तीची कथा, विवाहाचे नियम आणि त्याबरोबर शरीरयष्टीचे वर्णन. अमुक जमात ठेंगणी व काटक, तमुक जात उंच व देखणी, अशा एका ओळीत लाखो माणसे बसवली जात. पुढच्या अधिकाऱ्याने आधीची नोंद उतरवून घ्यायची आणि त्या नोंदीच्या नजरेनेच समोरच्या माणसाकडे पाहायचे, असा हा प्रकार होता.

या मांडणीला सर्वांत भक्कम उत्तर मराठी मुलखातूनच मिळाले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्ले यांचीच आकडेवारी पुन्हा तपासली. नाकाचे माप आणि जातीची उतरंड यांचा मेळ उत्तर हिंदुस्थानाच्या काही भागात दिसतो, इतरत्र तो टिकत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत, ही समजूत खोडून काढण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात याच मापांचा आधार घेतला. मापे खरी मानली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्याआधी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. आंबेडकरांनी उंचीचा मुद्दा थेट जातिव्यवस्थेवर उलटवला होता. जातींमुळे वंशशुद्धी राखली जाते, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले, की मग या देशातील बहुसंख्य लोक खुजे, दुर्बळ आणि सैन्यभरतीला अपात्र का? दोष त्यांनी एका जातीच्या अंगी लावला नाही, साऱ्या समाजाच्या हाडापेरावर दाखवला.

डॉ. इरावती कर्वे यांचे काम या परंपरेतील आणखी एक टप्पा आहे. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवटीच्या असमतोलावर संशोधन केले. वंशभेदाचा सिद्धांत मांडणाऱ्या या मार्गदर्शकांना जो निष्कर्ष अपेक्षित होता, तो त्यांच्या मापांतून निघाला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. पुढे डेक्कन कॉलेजमधून त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जाती-जमातींची मापे घेतली. वि. म. दांडेकर यांच्यासह केलेले हे काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना केली आणि एकाच नावाखाली मोडणारे गटही शरीराने एकमेकांपासून वेगळे असू शकतात, हे दाखवले. जातीचे नाव ही माणसाच्या शरीराची खूण नव्हे, हा या साऱ्या मोजमापाचा निष्कर्ष होय.

लढाऊ कोण, हे कोणी ठरवले?

मापाच्या आडून ओळख कशी काम करते, याचे ठळक उदाहरण लष्करभरतीचे आहे. १८५७ नंतर ब्रिटिशांनी ‘लढाऊ जमाती’ची कल्पना रुजवली. पंजाब, वायव्य सरहद्द आणि नेपाळमधील समूह जन्मजात सैनिक मानले गेले. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. बॉम्बे आर्मीत पिढ्यानपिढ्या चाकरी केलेल्या समाजावर एकाएकी अपात्रतेचा शिक्का बसला. गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली, युद्ध संपताच ती मोडली गेली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली.

या इतिहासात शरीराचे माप खरोखर निर्णायक असते, तर सरासरीने ठेंगणे असलेले गोरखे लढाऊ जमातींच्या यादीत आले नसते. त्यांच्यासाठी उंचीचा निकषच खाली आणला गेला आणि त्यांच्या ठेंगणेपणाला काटकपणा म्हटले गेले. ज्या समूहाला घ्यायचे नव्हते, त्याच्या बाबतीत मात्र शरीर हे कारण म्हणून पुढे करता येत होते. आजच्या नियमांतील गढवाली, डोगरा, मराठा ही नावे एकत्र वाचली की त्या जुन्या पलटणींची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

उंची ठरते कशाने?

मग समूहांच्या सरासरी उंचीत काहीच फरक नसतो का? फरक असतो, तो मोजता येतो. प्रश्न असा, की तो येतो कुठून.

उंचीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. सुमारे ५४ लाख लोकांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उंचीशी निगडित बारा हजारांहून अधिक जनुकीय फरक आढळले. पण दोन भावांत उंच कोण, हे जनुकांनी ठरणे वेगळे आणि दोन समूहांच्या सरासरीतील अंतर जनुकांनी ठरणे वेगळे. एकाच पोत्यातील बियाणे काळ्या कसदार शेतात आणि बरड माळावर पेरले, तर प्रत्येक शेतात उंच-ठेंगणी झाडे असतील आणि ती बियाण्यामुळे असतील. दोन शेतांमधील फरक मात्र जमिनीचा असेल. कापसाच्या जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मध्य आफ्रिकेतील काही वननिवासी समूहांसारखे अपवाद सोडले, तर ‘जमिनी’चा हा परिणाम जगभर दिसतो. १८९६ ते १९९६ या शंभर वर्षांत जन्मलेल्यांच्या उंचीचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची शतकभरात सुमारे २० सेंटिमीटरने वाढल्याचे दिसले. ग्वाटेमालातून अमेरिकेत गेलेल्या माया कुटुंबांची तेथे वाढलेली मुले मायदेशातील मुलांपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर उंच निघाली. जनुके इतक्या वेगाने बदलत नाहीत. बदलले ते अन्न, पाणी, आजारपण आणि आईचे आरोग्य.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची वाढ अभ्यासली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील सुस्थितीतील घरांमधील होती. स्तनपान, लसीकरण, स्वच्छता आणि आहार नीट असेल, तर पाच वर्षांपर्यंत या सर्व देशांतील मुले जवळपास सारखीच वाढतात, असे त्यातून निष्पन्न झाले. २००६ मध्ये जाहीर झालेले वाढीचे मापदंड याच अभ्यासावर उभे आहेत. हे मापदंड भारतीय मुलांना लागू होतात का, यावर २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी शंका घेतली आणि त्यावर मोठा वाद झडला. आनुवंशिक फरकामुळे भारतातील कुपोषणाचा आकडा फुगतो, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक अभ्यासकांनी ते अमान्य केले.

महाराष्ट्राचा अनुभव या वादात महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या फेरीत राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे ३९ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. राज्यात २००५ पासून राजमाता जिजाऊ मिशनचे काम सुरू झाले. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आले. त्याच समाजांची, त्याच गावांतील मुले होती आणि मधे जेमतेम सहा-सात वर्षे गेली होती. पुढे ही गती टिकली नाही. २०१५-१६ मध्ये पाच वर्षांखालील ३४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५ टक्के मुले खुजी आढळली. मिळवलेले पुन्हा निसटू शकते, हेही आकडे सांगतात.

‘ही जमातच बुटकी’

यवतमाळच्या पोडांवर हा विषय भरतीच्या मैदानापेक्षाही गंभीर होतो. कोलाम समाजाच्या वस्तीला पोड म्हणतात. कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह कोलाम ही राज्यातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे. अशा समाजाबद्दल ‘ही जमातच मुळात बुटकी आणि किरकोळ अंगाची’ असा समज एकदा रुजला, की मुलाची खुंटलेली वाढ कोणाला खटकतच नाही. आईही ठेंगणी, बापही ठेंगणा, मूलही ठेंगणे, मग काळजी कसली? खुजेपणात मूल हडकुळे दिसत नाही, तापाने फणफणत नाही. ते फक्त आपल्या वयापेक्षा लहान दिसते. आजूबाजूची सारी मुले तशीच असली, तर त्यालाच ‘सामान्य’ म्हटले जाते.

वास्तविक आईचा ठेंगणेपणा हे निश्चिंत राहण्याचे कारण नव्हे, तो धोक्याचा इशारा आहे. लहानपणी उपाशी राहिलेली मुलगी ठेंगणी राहते, कमी वयात आई होते आणि तिच्या पोटी कमी वजनाचे बाळ जन्मते. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या सुमारे एक हजार दिवसांत जी वाढ हुकते, ती पुढे पूर्ण भरून निघणे अवघड असते. पोषण सुधारले तरी एका पिढीत सगळे अंतर मिटत नाही, ते या साखळीमुळे. जे पिढ्यानपिढ्या दिसते ते रक्तातलेच असणार, अशी समजूत होते. प्रत्यक्षात वारसा भुकेचाही असू शकतो.

म्हणूनच अंगणवाडीतील उंचीची नोंद महत्त्वाची ठरते. दोन वर्षांखालील बाळाची लांबी निजवून आणि त्यावरील मुलाची उंची उभे करून मोजायची असते. पूर्वी भर केवळ वजनावर असे. आता उंचीही ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरावी लागते. मापदंडाचा तक्ता सगळ्या मुलांसाठी एकच आहे. त्यात गोंडांसाठी एक, कुणब्यांसाठी दुसरी आणि ब्राह्मणांसाठी तिसरी रेघ नाही. मोजणाऱ्याने अंदाजाने आकडा टाकला, तर मात्र मनातील समजच तक्त्यात उतरतो आणि खुंटलेले मूल कागदावर सुदृढ होते.

सवलत आणि समज

भरतीत जमातींना मिळणारी उंचीची सवलत चुकीची आहे, असा याचा अर्थ नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या कमी पोषण आले, त्यांच्याकडून इतरांइतक्या सेंटिमीटरची अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याच अन्यायासाठी त्यांना दुसऱ्यांदा दंड करणे होय. ही सवलत भूतकाळातील वंचनेची भरपाई आहे, हे मात्र स्पष्ट असायला हवे. जमातीच्या अंगभूत खुजेपणाचे प्रमाणपत्र म्हणून ती वाचली गेली, तर रिस्ले यांचीच नजर नव्या नियमांतून परत येते.

समूहाची सरासरी समूहाच्या परिस्थितीविषयी काही सांगते, समोरच्या माणसाविषयी फार थोडे. एका समूहातील सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या माणसातील अंतर हे दोन समूहांच्या सरासरीतील अंतराच्या कितीतरी पट असते. हे लक्षात घेतले, तर सवलतीचा १६२.५ हा आकडा कायमचा मानण्याचे कारण उरत नाही. केळापूर किंवा झरी जामणीच्या अंगणवाडीत आज मोजल्या जाणाऱ्या मुलांची नोंद खरी झाली आणि त्या नोंदीनुसार आहार, पाणी व आरोग्यसेवा वेळेवर पोहोचली, तर वीस वर्षांनी भरतीच्या मैदानावर उभ्या राहणाऱ्या पिढीला त्या सवलतीची गरज आजच्याइतकी भासणार नाही.